रट्टे देऊन अक्षर येत नाही

विहारात संध्याकाळची वंदना झाली की सतरंज्या तशाच ठेवून आम्ही वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. गेल्या पावसाळ्यात एक आई तिसरीतल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, ह्याला चार रट्टे द्या. रोज बाबासाहेबांच्या फोटोखाली बसतो आणि साधं दोन ओळींचं वाचता येत नाही ह्याला." पोरगा खाली बघत होता. त्याच्या हातावर पट्टीचा वळ होता. तो शाळेतला की घरातला, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. विचारायला हवे होते.

ती आई वाईट नाही. सकाळी दोन घरची धुणीभांडी, दुपारी एका ऑफिसची साफसफाई, आणि हे सगळे मुलाने शिकावे म्हणून. आपल्या समाजात शिक्षणाला किती मान आहे हे कुणी आपल्याला सांगायला नको. पण त्याच मानापायी आपल्या घरांत एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. ज्या मुलाला वाचायला जमत नाही, त्याला आपण बाबासाहेबांचे नाव घेऊन मारतो.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला वेगळे बसावे लागले, बसायचे गोणपाट रोज घरून न्यावे आणि परत आणावे लागले, शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळाले नाही. ही हकीकत आपण मुलांना सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण वाचता न येणाऱ्या मुलाच्या कानांवर ती कशी पडते, याचा विचार करा. त्यांना गोणपाट होते, तुला बाक आहे, दप्तर आहे, शाळेत खिचडी आहे, तरी तुला येत नाही. म्हणजे तूच नालायक. बाबासाहेबांची वाट बाहेरच्या माणसांनी अडवली होती. या मुलाची अडचण अक्षराजवळच आहे. तो अक्षराकडे बघतो आणि ते त्याला ओळख देत नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजल्या की मूल हरणारच.

आता आमची चूक. आमच्यातल्या काहींनी नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, वॉर्डात वर्षानुवर्षे काढलेली. तरीही पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याच वर्गातल्या एका मुलाला आम्ही "हा वात्रट आहे" म्हणून मागे बसवायला लागलो होतो. तो पाच मिनिटे बसत नसे, दुसऱ्याची पेन्सिल ओढे, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देई आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. वहीत मात्र काही नाही. तोंडी इतके येते आणि लिहिता येत नाही, या एका गोष्टीने आमचे कान टवकारायला हवे होते. आम्ही त्याला आळशी ठरवले. नववीत त्याने शाळा सोडली. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी ही दोन नावे आता बऱ्याच जणींनी ऐकली आहेत, निदान 2007 साली आलेला 'तारे जमीं पर' तरी पाहिला आहे. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी नाही. मूल चलाख असते, गप्पा मारते, मोबाइल उघडून देते, पण वाचणे, लिहिणे किंवा हिशोब यांतले एखादे काम त्याच्या मेंदूला इतरांसारखे साधत नाही. मराठीत हे कसे दिसते? घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत चौथी-पाचवीतही सुटत नाही. वेलांटी, मात्रा गळतात. जोडाक्षर आले की मूल थांबते किंवा अंदाजाने काहीतरी म्हणते. फळ्यावरून उतरवताना ओळच्या ओळ सुटते. पंचवीस सांगितले की 52 लिहिते. मात्र यातला शेवटचा घोळ एकट्याने धरू नका, कारण मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि दोन आधी लिहितो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचन दिले तेव्हा सगळीकडे थट्टा झाली, पण मुलांचे हे अडखळणे खरे आहे.

एडीएचडीत लक्ष टिकत नाही, हातपाय स्थिर राहत नाहीत, थांबणे जमत नाही. जगभरच्या अंदाजांप्रमाणे शंभर मुलांत साधारण पाचांना हा त्रास असतो. काही मुलांना दोन्ही असते. आणि मुलींकडे लक्ष द्या, कारण मुलींचा चंचलपणा बऱ्याचदा दिसतच नाही. ती दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. बाई म्हणतात, "शांत आहे, पण मठ्ठ आहे." घरी म्हणतात, "शिकत नाही तर धाकट्याला तरी सांभाळू दे." तिच्यासाठी ओरड करायला कुणी विहारात येत नाही. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत मुलगेच जास्त होते, आणि त्याचे कारण मुली ठीक आहेत हे नव्हे.

पण नाव चिकटवायच्या आधी मुलाचे डोळे तपासा, कान तपासा, रक्त तपासा. वॉर्डातल्या अनुभवावरून हे आम्ही ठासून सांगतो. फळा दिसत नसलेले मूल उतरवण्यात चुकतेच. आपल्या वस्तीत कान वाहणे ही कुणाला आजार वाटत नाही, कापूस कोंबला की झाले. पण सारखा वाहणारा कान कमी ऐकतो, आणि कमी ऐकणाऱ्याला क, ख, ग यांत फरक करता येत नाही. रक्त कमी असले की मूल चिडचिडे होते आणि त्याचे लक्ष लागत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, पहिली ते पाचवीच्या लहानांची गुलाबी आणि मोठ्यांची निळी, "मळमळतं" म्हणून पोरे खिडकीतून टाकतात. ती जेवणानंतर घ्यायची असते. जंताची गोळीही तशीच चुकवू नका. आणि एखादे मूल बोलता बोलता काही सेकंद कोरे होऊन बघत राहत असेल, हाक मारली तरी भानावर येत नसेल आणि मग काही झालेच नाही असे पुढे बोलू लागत असेल, तर ती फिट असू शकते. त्याला "लक्ष कुठंय तुझं" म्हणून टपली मारू नका, डॉक्टरांकडे न्या.

या तपासण्यांसाठी खिशातला पैसा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येणे ठरलेले आहे. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ही सोय आहे. पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचे केंद्र असते. आशाताईला विचारले तर ती सांगेल.

आणखी एक धोका आहे, तो उलट्या बाजूचा. 2022 च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. या सगळ्यांना अध्ययन अक्षमता आहे काय? मुळीच नाही. त्यांना नीट शिकवलेले नाही, एवढेच. त्यात दोन वर्षे कोरोनाने शाळा बंद होत्या. आपल्या वस्तीतल्या मुलांबद्दल "यांच्या घरी वातावरणच नसतं" म्हणणारे शिक्षक आम्ही ऐकले आहेत, आणि त्या वाक्याच्या पोटात काय असते हे आपल्याला कळते. उद्या तेच वाक्य "यांना काहीतरी डिसऑर्डर असते" असे होऊन येईल. म्हणून आम्ही आता एक रीत ठेवली आहे. मूल आले की आधी तीन-चार महिने त्याला रोज थोडे, त्याच्या पायरीवरून, न रागावता शिकवायचे. बहुतेक मुले हलतात, पुढे सरकतात. जे तरीही जागचे हलत नाही, त्याला तपासणीला पाठवायचे. मूल आधीच सहावी-सातवीत असेल तर मात्र वाट न बघता लगेच पाठवायचे.

आता घरचे. पुस्तकांत लिहिलेले असते की मुलाला शांत, वेगळी खोली द्या. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही, गॅस आणि पाण्याची पिंपे. मग वेगळी खोली नाही, वेगळा कोपरा. रोज तोच. मूल भिंतीकडे तोंड करून बसेल, टीव्ही त्याच्या पाठीशी असेल, आणि त्या वेळापुरता तो बंद असेल. ही शेवटची गोष्ट बाप्यामाणसांना सांगतो आहोत. मालिका आणि क्रिकेट, दोन्ही. वेळ किती? दहा मिनिटे. चंचल मुलाला सलग तासभर बसवणे म्हणजे ताप आलेल्याला धावायला लावणे. दहा मिनिटे अभ्यास, मग उठून एक घागर पाणी भरून ये, दोरीउड्या मार, परत दहा मिनिटे. आमच्या वर्गात आम्ही घड्याळ समोर ठेवतो, त्यामुळे पोरांना शेवट दिसतो आणि ती तग धरतात.

काम सांगताना एका वेळी एकच सांगा. "हातपाय धू, दप्तर काढ, कालचं पूर्ण कर आणि येताना दूध आण" यातले त्याला फक्त दूध आठवते, तेही कधी कधी. डोळ्यांत बघून एक गोष्ट सांगा, ती झाली की दुसरी. झाली की लगेच म्हणा, "केलंस, बरं झालं." रात्रीपर्यंत शाबासकी राखून ठेवली तर ती त्याच्या उपयोगाची नाही. घडलेल्या दंग्याची यादी मात्र बाप आल्यावर वाचून दाखवायची नाही.

अक्षरासाठी ताटात रवा किंवा चाळलेली राख पसरा आणि बोटाने मोठे अक्षर काढू द्या, काढताना तोंडाने उच्चार हवा. डोळा, कान आणि बोट तिन्ही एका वेळी कामाला लागले की अक्षर जास्त टिकते. वाचताना ओळीखाली पट्टी धरा, म्हणजे ओळ सुटत नाही. हिशोब किराण्यावर शिकवा. पन्नासची नोट, बत्तीसचे सामान, परत किती? जे मूल वहीत वजाबाकी चुकते ते सुट्टे पैसे अचूक मोजते, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. आणि धडा वाचता येत नाही म्हणून त्याचे ज्ञान अडवू नका. मोठ्या बहिणीने इतिहासाचा धडा वाचून दाखवावा, त्याने ऐकून सांगावा. आईला वाचता येत नसेल तरी ती एक काम करू शकते, त्याला विचारू शकते, "आज काय कळलं, मला सांग." आईला शिकवताना पोरांचा आवाज बदलतो.

आणि झोप. रात्री बारापर्यंत मोबाइल, पहाटे पाच वाजता नळ. मग सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट खाऊन शाळा. असे मूल कुणाचेही असो, त्याचे लक्ष लागणार नाही. रात्रीची भाकरी उरली असेल तर सकाळी तीच द्या, ती बिस्किटापेक्षा बरी.

इथे चुल्लपंथकाची आठवण येते. धम्मपदाच्या अट्ठकथेत त्याची कथा आहे. तो भिक्खू झाला, पण चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. पुढची ओळ शिकली की आधीची जाई. सख्ख्या थोरल्या भावाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला सांगितले, तुला हे जमणार नाही, निघून जा. तो रडत निघालेला असताना भगवंतांनी त्याला थांबवले. पुन्हा तीच गाथा घोकायला बसवले नाही. त्याच्या हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तसे त्याला अनित्यता कळत गेली. पुढच्या चमत्काराचा भाग आपण सोडून देऊ, आपल्याला त्याची गरज नाही. मुद्दा हा की शिष्य तोच राहिला आणि पाठ बदलला. थोरला भाऊ काही दुष्ट नव्हता. आपल्यासारखाच होता, घाईतला.

मग औषधांचे काय? हा प्रश्न दर बैठकीत येतो. वाचनाच्या अक्षमतेवर गोळी नाही, तिथे शिकवण्याची पद्धतच औषध. एडीएचडीत काही मुलांना गोळीचा चांगला उपयोग होतो, पण ती बालमानसोपचारतज्ज्ञ तपासून देतात, वजन आणि रक्तदाब बघत राहतात. मेडिकलवाल्याने सुचवलेली, शेजारच्या मुलाची उरलेली, असली गोळी नको. तशीच ती नुसत्या भीतीने नाकारूही नका. टीव्हीवर दाखवतात ते बुद्धिवर्धक पाक आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे महागडे वर्ग, यांवरचे पैसे वाचवून मुलाला अंडी खाऊ घाला. आणि 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून मुलावरून उतारा टाकला जातो, गंडा बांधला जातो, हे आम्ही पाहिले आहे. नावे सांगत नाही. पोराच्या काळजीने माणूस कुठेही जातो हे कळते, पण तोवर त्याचे वर्ष जाते.

आता शाळा आणि दाखला. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 प्रमाणे शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हीला मनाई आहे. वर्गासमोर "ढ" म्हणणे हाही छळच. भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. त्याच अर्जात विशेष शिक्षकाची मागणी करा. समग्र शिक्षा अभियानात तालुक्याला गटसाधन केंद्र आणि शहरात शहर साधन केंद्र असते, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथून मिळतात. ते कमी आहेत, पण मागणारेच नसतील तर वाढणार कसे?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. तिचा दाखला मूल आठ वर्षांचे झाल्यावर मिळतो. मुंबईत शीव, नायर आणि केईएम रुग्णालयांत ही तपासणी होते, इतर ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. एका खेपेत काम होत नाही. डोळे-कान, बुद्धिमापन, वाचन-लेखनाची चाचणी, तीन-चार चकरा होतात, आणि प्रत्येक चकरेला एक खाडा. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीतच व्हावी असा आग्रह धरा. मराठीत 'डाली' नावाची चाचणी 2015 पासून आहे. दाखला असला की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. हे काम दहावीच्या दिवाळीत नव्हे, आठवीतच सुरू करा.

इथे पालक अडतात. "अपंगाचा शिक्का बसेल, पोरीचं लग्न कसं होईल?" आम्ही त्यांना एकच विचारतो. जातीचा दाखला काढायला आपण आजोबांच्या शाळेपर्यंत जातो, जुने कागद शोधतो, तहसीलला महिनोन्महिने खेटे घालतो. त्या दाखल्याची आपल्याला लाज वाटते का? तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे, हे बाबासाहेबांमुळे आपल्याला माहीत आहे. मग हा दुसरा कागद हातात घेताना मान खाली का जाते? खाडा भरून देता येत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी विहाराच्या फंडातून तपासणीच्या दिवसाची मजुरी द्यावी असा ठराव आमच्या महिला मंडळाने मांडला. दोन बैठका झाल्या. कुणी म्हणाले, जयंतीच्या डीजेला पैसे कमी पडतील. वाद अजून चालू आहे, आम्हीही सोडलेला नाही.

तिसरीतल्या त्या मुलाचा एक कान लहानपणापासून वाहत होता. औषध चालू आहे. त्या कानाने आता तो आधीपेक्षा बरे ऐकतो, पुढच्या रांगेत बसतो, आणि वाचन हळूहळू सरकते आहे. त्याची आई अजून रागावते, पण पट्टी तिने आमच्याकडे आणून दिली, ती आम्ही मुलांना ओळीखाली धरायला देतो.

नववीत शाळा सोडलेला तो मोठा मुलगा आज गॅरेजमध्ये काम करतो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो म्हणतात. आम्ही त्याच्या घरी गेलो, आमचे चुकले हे त्याच्यासमोर सांगितले. तो हसला आणि काहीच बोलला नाही. महिन्याभराने स्वतःच आला आणि विचारले, "17 नंबरचा फॉर्म भरला तर मला लिहायला माणूस मिळंल का?" त्याच्या तपासणीची पहिली तारीख पुढच्या बुधवारी आहे. मालकाने सुट्टी दिली आहे, बिनपगारी.